माप

शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीच्या मागच्या खोलीत
जिथं जुने लाकडी पॅटर्न धूळ खात पडलेत
तिथं मला वीस मिनिटं मिळतात.
साडेअकराला, आणि परत तीनला.
दाराला कडी नाही.
बाहेर शमशाद स्टूल टाकून बसते,
कुणी आलंच तर सांगते,
"आत स्टॉकची मोजणी चाललीया."

तसं खोटं नाही ते.
मोजतच असते मी.

पहिला आठवडा पंप नुसता घरघरला.
बाटलीच्या तळाला
डोळ्यात घालायच्या औषधाइतकं.
आणि ब्लाउज भिजायचा तो भलत्याच वेळी,
जीएसटीचं रिटर्न भरताना,
ऑडिटवाल्याच्या समोर,
केएमटीत मागच्या सीटवर
दुसऱ्याच कुणाचं तरी बाळ रडलं म्हणून.

आमचं घर दुधातलं.
सासरे रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन
गंगावेशीत कट्ट्यावर,
गिऱ्हाइकासमोर धार,
फेस बसायच्या आत पेला हातात.
चाळीस वर्षं लिटरनं मोजलेला माणूस.
त्याच्या फ्रीजमध्ये मी ठेवते
तीस मिली,
वर चिकटपट्टी, तारीख, वेळ.

एकदा ती बाटली हातात घेऊन उभे होते आबा.
मी दारात.
दोघंही बोलेनात.
मग होती तिथंच ठेवली त्यांनी
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले,
"हरणी पान्हा चोरती.
नव्या जागंत देत न्हाई, आरडाओरड्यात देत न्हाई.
तिला वडून उपेग नसतो.
रेडकू म्होरं लागतंय.
ते नसलं, तर त्याच्या अंगावरचं पोतं तरी."
आणि चपला घालून निघून गेले,
म्हशींची वेळ झाली नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत
बर्फाच्या पाकिटाशेजारी
तेजूचं झबलं. न धुतलेलं.
पंप तसाच बाजूला ठेवला.
कॅन्टीनमधून आणलेल्या गरम पाण्यात रुमाल बुडवून
आधी तो छातीवर धरला, निवेपर्यंत.
मग अंगठा वर, बोटं खाली,
काळ्या वर्तुळाच्या जरा मागं;
आधी आत, फासळ्यांकडं,
मग चिमटीत, मग सैल.
कातडीवरून घसरायचं नाही, ओढायचं तर नाहीच.
आत. चिमूट. सैल.
काहीच नाही.
परत काहीच नाही.

नाक झबल्यात खुपसलं.
आंबूस वास, खोबरेल,
मानेच्या घडीत साठते ती ओली भुकटी.

काखेपासून मुंग्या आल्या.
पलीकडं शेडमध्ये भट्टी ओतत होते,
पॅटर्नच्या फटीफटीतून नारंगी उजेड हलला,
आणि धार लागली,
एक नव्हे, चार-पाच, वेड्यावाकड्या,
एक मनगटावर, एक साडीवर.
मी हसले. एकटीच, त्या लाकडांत.
मग डावीकडं आटलं तसं उजवीकडं,
आणि पुन्हा डावीकडं.
सत्तर.

आता सगळं अंगवळणी पडलंय असं नाही.
परवा भांडण झालं घरी, आणि पंचवीसच आलं.
सोमवारी बर्फ विसरले.
एकदा सासूबाईंनी थेट गॅसवर ठेवली वाटी;
मी ओरडले, त्या रडल्या,
मग दोघींनी मिळून कोमट पाण्यात धरली
आणि बघत बसलो:
वर साय आली होती.
"बाई," त्या म्हणाल्या, "तुझ्यालाबी येती की."
हलवायची नाही, नुसती गोल फिरवायची,
मग बोंडल्यानं, घोट-घोट.

फ्रीजचा वरचा कप्पा मोकळा झालाय.
लोण्याचं भांडं खाली गेलंय,
कुणी हलवलं ते कुणी बोलत नाही.

"आज किती स्टॉक?" शमशाद विचारते.
नव्वद.
तिचा थोरला यंदा आठवीत.
"आमी मोरीत पिळून टाकायचो," ती म्हणते,
"दुखायचं म्हणून."
आणि स्टूल उचलून
गेटकडं चालू लागते.