बर्फाला बांगड्याचा वास

शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजारात
मानकुराद बाराशे रुपये डझन होता,
आणि फोनमध्ये आमचं कॉलेज एकसष्ट.
एकसष्ट म्हणजे,
आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल, मुली, अंतिम सामना,
आम्ही जिंकू यातला ‘हो’ एकसष्ट रुपयांना मिळत होता.
जिंकल्या तर शंभर परत.
हरल्या तर काही नाही, रद्दीचा कागदसुद्धा नाही.

माझे वडील मटक्याच्या चिठ्ठ्या लिहायचे
बसस्टँडमागे, चपलांच्या दुकानाच्या जिन्याखाली.
कानावर पेन्सिल. पोलीस दिसला की चिठ्ठी तोंडात.
म्हणायचे, आकड्याला आईबाप नसतात.
या नव्या आकड्याला मात्र गोतावळाच होता.
मडगावची उंच पोरगी परीक्षेला बसलीय, त्याला ठाऊक.
पंच कोण, त्याला ठाऊक.
पेडेच्या स्टेडियममध्ये उत्तरेकडची रिंग जराशी सैल आहे,
तेही कोणीतरी त्याच्या कानात सांगितलेलं.

एकच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

गुरुवारी सरावात मेल्बा फुर्तादोचा घोटा मुरगळला.
मी गुणलेखक, टेबलावर बसणारा,
मीच तिला स्कूटरवरून पर्र्याला घरी सोडलं.
उतरताना म्हणाली, “सरांक सांगूं नाकात.
तुमकां सोडून कोणाक खबर ना.”

कोणाक खबर ना.
या वाक्याची किंमत रात्री अकराला मी काढली:
‘नाही’, एकोणचाळीसला, शंभर नग.
तीन हजार नऊशे.
मग झोपही लागली, हे लिहून ठेवायला हवं.

दुपारी तिची मावशी मासळी बाजारातून
थर्माकोलच्या डब्यात बर्फ घेऊन आली.
मेल्बा पाय बर्फात घालून बसली
आणि मला विचारलं, “बाजारांत आमचो भाव कितलो?”
तोवर तिचं लंगडणं सगळ्यांनी पाहिलं होतं.
भाव बावीस.
मी म्हणालो, ऐंशी.

माझा ‘नाही’ तेव्हा अठ्ठ्याहत्तरला गेला असता,
दुप्पट पैसे, सामना सुरू व्हायच्या आधी.
मी विकला नाही.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

दोन गुणांना तिरकी रेघ.
फ्री थ्रोला काळा ठिपका.
तीन गुणांना खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल.
एवढंच माझं काम, खाली कार्बन घालून.
अकरा नंबर, रेघ. अकरा, रेघ. अकरा, ठिपका, ठिपका.
टोकदार पेन्सिलीने मी स्वतःला गरीब करत होतो
आणि अक्षर, नवल म्हणजे, चांगलं येत होतं.

शेवटचे चार सेकंद. दोन गुणांनी मागे.
तिने लांबून टाकला. गेला.
पंच नार्वेकरांनी तीन बोटं वर केली,
मडगावचा बाक ओरडत उठला: पाय रेघेवर होता!
दोनच धरले तर बरोबरी, जादा वेळ,
आणि त्या घोट्यावर जादा वेळ म्हणजे माझे पैसे.
नार्वेकर टेबलापाशी आले.
“तुला काय दिसलं?”

मला दिसला होता, रेघेमागे एक बोटभर,
तो सुजलेलाच पाय.
मागे होता, मी म्हणालो,
आणि अकराभोवती गोल काढला.
गोल नीट जुळला नाही, एका बाजूला उघडा राहिला.

नंतर ती प्रत मागायला आली, एका पायावर उड्या मारत.
म्हणाली, तुम्ही ऐंशी म्हणालात ना,
मला वाटलं, एवढी माणसं पैसे लावून चुकणार नाहीत.
मी कार्बनखालची गुलाबी प्रत फाडून दिली.
तिचे हात ओले होते.
टेबलावर ओल राहिली, बांगड्याच्या वासाची,
ती मी शर्टाच्या बाहीने पुसली.

संध्याकाळी मानकुराद नऊशेवर आला होता.
बाईने एक कापून फोड पुढे केली.
मी खाल्ली. गोड होती.
डझन घेतला नाही, खिशात बसभाड्यापुरतेच होते.