भोपळ्यावरची रेघ

अर्थशास्त्राच्या वहीत मी दोन अक्ष काढले.
आडवा तंबोऱ्यांचा, उभा सतारींचा.
सरांनी वर्गात लोणी आणि तोफा सांगितल्या होत्या,
पण मिरजेत, आमच्या सतारमेकर गल्लीत,
तोफा कुणी करत नाही,
आणि लोण्याचं कृष्णाकाठच्या म्हशी बघतात.

माणसं चार, दिवस सव्वीस,
त्यातून लाईट जाते ते सोमवार वजा.
सगळे तंबोऱ्याला बसले तर नऊ होतात.
सगळे सतारीला, तर पाच.

रेघ सरळ येईना.
पहिली सतार एका तंबोऱ्यात सुटते,
कारण यासीनचा हात मुळात पडद्यांवर चालतो;
तंबोऱ्यापाशी तो नुसता पॉलिश घासत जांभया देतो.
पाचव्या सतारीसाठी मात्र
दस्तगीरचाचांना जवारीवरून उठवावं लागतं,
आणि ते पडदे बांधत बसले
की तिकडे तीन तंबोरे मुके.

अशी पोट काढून वाकली रेघ.
अब्बांनी वहीवर चहाचा कप ठेवला, म्हणाले,
"हा तर बेगमपूरचा भोपळा. देठाकडं थोडा बसका."
मी म्हटलं, रेघेच्या आत आलो
म्हणजे कुणीतरी रिकामं बसलंय.
अब्बांनी यासीनकडं पाहिलं.
यासीननं मोबाईल पालथा ठेवला.

आणि रेघेबाहेर?
बाहेर धारवाडच्या बाईंची ऑर्डर :
तीन सतारी, सहा तंबोरे, याच महिन्यात.
एकाच तंबोऱ्यानं बाहेर.
तिथं मी पेन्सिलीनं फुली मारली.
अब्बांना नाही म्हणता येत नाही,
ते नेहमी रात्र जोडतात,
जणू रात्र कुणाची नसतेच.

मला जोडा की, मी म्हणाले. पॉलिश घासते.
चाचा कानशीस पुसत होते.
"पॉलिश कशाला," म्हणाले, "जवारी शीक.
माझा रोजचा तास जाईल.
या महिन्यात आणखी एक कमी होईल.
पुढच्या वर्षी तुझी ती रेघ
अख्खीच्या अख्खी सरकवून काढ."

गल्लीत कुणा पोरीला जवारी शिकवल्याचं
मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसणार.

त्यांनी घोडीवर तारेखाली दोरा दिला.
सरकव. हं. थोडा मागं.
तार छेडली, ती नुसती टणटणली.

दारात अब्बा फोनवर होते :
"नाही बाई. सहा नाही."
खूप वेळ थांबले.
"चार."

मी दोरा पुन्हा ओढला.