खंड

एल पोर्वेनीर म्हणजे येणारा काळ.
पेरूच्या वाळूकडच्या शहरात, त्रुहियोत,
हे एका वस्तीचं नाव आहे.
गल्लीगल्लीत चामडं कापतात, बूट शिवतात.
मी तिथल्या ठाण्यात तक्रारी लिहून घेतो.
अकरा वर्षं झाली. टाइपरायटर गेला, संगणक आला,
रकाने तेच.

मंगळवारी एउलोहियो वामांचुमो आला,
बोटांना पिवळ्या सोल्युशनचा वास,
काखेत बुटांचा खोका,
गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघाल्यासारखा.

काय चोरीला गेलं?
काही नाही.
पैसे?
महिन्याला आठशे सोल. सात महिने.
कोणी घेतले?
घेतले नाहीत. मी दिले.
जबरदस्तीने?
तो जरा थांबला.
पोरगा फोनवर मला काका म्हणतो, म्हणाला,
गुडघ्याची चौकशी करतो.
डिसेंबरात म्हणाला, सणाचे दिवस, काका, या खेपेला दुप्पट,
आणि खंड तेवढा पडू देऊ नका.

रकाना लहान. मी लिहिलं: धमकी.
त्याला ते पुरेसं वाटलं नसावं.
खोक्याचं झाकण काढलं.
आत एकच बूट, काळा, मुलीचा, शाळेचा.
माझ्याच हातचा आहे, ही टीप माझी, तो म्हणाला
आणि बूट तिरका केला,
तसं काडतूस घरंगळत येऊन
माझ्या स्टेपलरला टेकलं.

सत्तावीस नंबर, तो म्हणाला.
नातीचा पाय जानेवारीपर्यंत सव्वीस होता.
सत्तावीस झाला हे तिच्या आईलाही माहीत नाही.
माप बरोबर घेतलंय त्यांनी.
आणि आवाजात, खोटं कशाला सांगू,
एका कारागिराने दुसऱ्याला द्यावी
तशी दाद होती.

चोर नेतो. दरोडेखोर हिसकावतो.
त्यांच्या पाठीमागे निदान ओरडता येतं.
इथे हात तुझा, पाकीट तुझं,
नोटा मोजणारा अंगठा तुझा, त्यावरची थुंकी तुझी,
एक तारीख विसरू नये म्हणून
कॅलेंडरवर खूण करणाराही तूच.
कलमात म्हटलंय: भीती घालून द्यायला लावणे.
त्या 'लावणे'त किती माणसं राहतात
हे कलम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं का, कोण जाणे.
त्या कोपऱ्यावरच्या इनोसेन्सियाने एक महिना चुकवला.
खाणावळीच्या पत्र्याला चार भोकं पडली.
सकाळी आठच्या सुमाराला तिच्या फरशीवर
उन्हाची चार नाणी पडलेली असतात.
ती त्यांवरून झाडू फिरवते, ती निघत नाहीत.

सही कर, मी म्हटलं.
सही नको. नुसतं लिहून ठेव.
कोणाच्या नावाने?
बुटाच्या.
मी हसलो. तो हसला नाही.
मग त्याने बूट उचलून खोक्यात ठेवला.
पुरावा आहे तो, मी म्हटलं.
काडतूस ठेव, तो म्हणाला,
बूट चांगला आहे. दुसरा पाय शिवतो.
सोमवारी पोरीची शाळा सुरू होते.

अर्ज अजून पडद्यावर आहे, अर्धा.
काडतूस खणात, टाचण्यांच्या डबीत.

संध्याकाळी मोटोटॅक्सीसाठी उभा होतो.
पहिली आली. काच स्वच्छ.
मी वर केलेला हात डोक्यावरून फिरवला,
केस नीट करत असल्यासारखा.
दुसरीच्या काचेवर लाल कोंबड्याचं स्टिकर.
म्हणजे याने भरलेत. याच्यावर कोणी गोळी झाडणार नाही.
आत बसलो, पाठ टेकली,
बरं वाटलं.

रस्ताभर वाळू उडत होती.
भाड्यात गाडीचे किती, कोंबड्याचे किती,
मी विचारलं नाही.
उतरताना अंगठा ओला केला
आणि नोटा मोजल्या.