२१४ नंबरचं गाठोडं

जुबैलच्या बंदरामागे, टायरवाल्या सुदान्याच्या शेजारी
माझी लॉन्ड्री होती. त्या हिवाळ्यात
जहाजांतून इतके रणगाडे उतरले
की साखळ्यांनी रस्त्याचं डांबर उसवलं.
आणि कपडे. वाळूच्या रंगाचे, हजारांनी.
खिसे उलटे केले की तांब्याभर वाळू निघायची.
भोंगा झाला की इस्त्र्या बंद करून
आम्ही टेबलाखाली बसायचो, गुडघ्यांत डोकं घालून,
परत उठून त्याच शर्टाची दुसरी बाही.

प्रुइट यायचा दर मंगळवारी.
पाण्याचा टँकर चालवायचा. वीस वर्षांचा, कान मोठे.
त्याचं भांडण एकच : मोजा.
आठ दिले होते, सात कसे?
मी म्हणायचो, सातच आले.
तो बोटं मोडून मोजायचा, मग मी मोजायचो.
शेवटी मी अल्लाकसम म्हणालो.
तो हसला. बरं, म्हणाला,
पण आठ होते.

फेब्रुवारीत एक मंगळवार तो आला नाही.
पुढचाही गेला.
मग आला त्यांचा सार्जंट, स्वतःची पावती घेऊन.
मी विचारलं, सरहद्दीवर गेला का प्रुइट?
नाही. रात्री वारं होतं,
टँकरच्या चाकाशी आडोशाला झोपला.
दिवे लावायचे नाहीत असा हुकूम.
पहाटे दुसऱ्यानं गाडी मागे घेतली.
सार्जंटनं हात करून दाखवला,
तळवा स्वतःकडे ओढत, येऊ दे, येऊ दे,
आणि मध्येच हात खाली टाकला.

आमच्याकडे म्हणतात, अमका लढाईत कामी आला.
हा शब्द त्या दिवशी मी खिशासारखा
उलटा करून पाहिला.
चाकाशी झोपलेला कुणाच्या कामी येतो?
पण पाणी तर प्यायले असतील त्याचं लोक.
त्या पहाटेसुद्धा कुणीतरी प्यायलं असेल,
टँकर भरलेला होता.

आजोबा माझे खलाशी. त्या मोठ्या लढाईत
आबादानच्या धक्क्यावर
फळीचा दोर सुटला आणि ती डोक्यात बसली.
बाणकोटला कंपनीचं पत्र आलं,
पोस्टमास्तरांनी दोनदा वाचलं :
शत्रूच्या कारवाईत नव्हे.
एवढ्यावर पेन्शन अडली.
आजी मरेपर्यंत विचारायची,
मग काय मित्राच्या?

सार्जंटनं गाठोडं नेलं नाही.
पेटी गेली, म्हणाला, यादी झाली,
आता यात काही घालता येत नाही.
दोन शर्ट, दोन विजारी, सात मोजे, टोकन २१४.
भिंतीवर चार भाषांत लिहिलेलं,
नव्वद दिवसांनंतर आम्ही जबाबदार नाही.
एकाही भाषेत माझा धीर झाला नाही.

लढाई संपली. समुद्रकाठच्या रस्त्यावर गाड्यांनी
रात्रभर हॉर्न वाजवले.
रेडिओवर मेलेल्यांचे आकडे सांगितले,
आणि मग खालच्या आवाजात
इतर कारणांनी मेलेल्यांचे.
उन्हाळ्यात कुवेतचा धूर आला,
अरबांचे पांढरे झगे दोरीवरच काळे व्हायचे,
एक कपडा तीनदा धुवायचो.

त्यात सुकवणीच्या मशीनचा पट्टा तुटला.
मी आणि सुदानी, दोघांनी ते पुढे ओढलं.
मागे केसाळ धुळीत, नळीला चिकटून,
हिरवा मोजा.

शपथ घेतली होती मी.
कळवणार कुठे? छातीवर नुसतं आडनाव शिवलेलं.
धुतला, सातांबरोबर ठेवला,
जोड्या लावल्या नाहीत.

आणि गाडी मागे घेणारा तो दुसरा.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
त्याचेही कपडे माझ्याकडेच येत असणार,
त्या मंगळवारी, पुढच्याही.
इतरांत मिसळून. मी कॉलर दाबून
इस्त्री फिरवली असेल,
घडी घालून दिली असेल हातात,
आणि नेहमीप्रमाणे म्हणालो असेन,
मोजून घ्या.