तळटीप

टॅमसिन तक्ता घेऊन आली,
सत्तावीस पानी, शाळेच्या प्रिंटरवर काढलेला,
शेवटची चार पानं फिकी, शाई संपत आलेली.
टेबलावर पसरला,
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर किटली,
आणि म्हणाली, मावशी, तू तर याच खात्यातली.
सांग, मी काय होऊ?

खात्यातली म्हणजे काय,
बावीस वर्षं मी लोकांना फोनवर पगार विचारते.
न्यूफाउंडलंडचा हा किनारा, खाडीमागून खाडी.
गेल्या आठवड्यात किती तास? ओव्हरटाइम धरून?
आभारी आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येईल.
बायका नवऱ्याला सांगत नाहीत ते मला सांगतात
आणि मी शपथेनं बांधलेली.

तिनं हिरव्या पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.
विजेच्या खांबांवरचं काम, अल्बर्टात: ताशी सत्तेचाळीस डॉलर.
तेच इथे: एकतीस, आणि वाढीचा बाण आडवा, झोपलेला.
दातांची हायजिनिस्ट, हॅलिफॅक्समध्ये: बाण वर.
पण हॅलिफॅक्सला खोलीचं भाडं किती
हे तिनं समासात लिहून
पुढे दोन उद्गारचिन्हं दिली होती.

मी म्हटलं, दुरून पगार साजरे.
तुझा बाप एकवीस दिवस तिकडे, सात दिवस इकडे,
अकरा वर्षं असा विमानानं कामाला गेला.
त्याचा आकडा या तक्त्यात फार देखणा दिसायचा.
सातातले पहिले दोन दिवस तो झोपायचा,
शेवटचे दोन, दारात बॅग भरलेली,
कुणाशी बोलायचा नाही.
मधल्या तीन दिवसांत तू वाढलीस.

ठाऊक आहे मला, ती म्हणाली.
पण छप्पर त्याच आकड्यातून आलं ना?

आलं. खोटं कशाला बोलू.

एकोणिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं.
लाकडी होड्या बांधणारे. आमचा किनारा.
पगाराच्या रकान्यात आकडा नाही,
नुसती एक तारका.
हे काय?
खाली तळटीप वाच, मी म्हटलं.
मुंगीएवढ्या अक्षरांत: संख्या इतकी अल्प
की व्यक्ती ओळखू येईल, सबब माहिती दिलेली नाही.

म्हणजे ॲम्ब्रोज स्नूक.

मी किटली उचलली. तक्त्याचा कोपरा गुंडाळी होऊन वर आला.

ॲम्ब्रोजकाकाच ना?

साखर किती, मी विचारलं.

ती हसली, पण बोट तिथंच ठेवून.
खिडकीतून त्याची शेड दिसते,
ज्युनिपरच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या,
आणि उलटा ठेवलेला एक सांगाडा, बरगड्या मोजता येतील असा.
वाढीच्या रकान्यातही तारकाच होती.
चौदाशे जणांत माणूस आपोआप झाकला जातो,
एकट्यावर मात्र सरकारला पांघरूण घालावं लागतं.
हे मी तिला बोलले नाही.
चहा गार होत होता.

सप्टेंबरात ती गेली. खांबांवरचं काम, अल्बर्टा, सत्तेचाळीस.
पहिल्या पगारातून मला हातमोजे पाठवले,
तिकडच्या थंडीचे, इथे फार जाड होतात.
मी रागावले नाही. हिशेब तिचा बरोबर होता.

या महिन्याच्या यादीत एक नंबर आहे, मला पाठ असलेला.
कुणाचा ते सांगणार नाही.
सात रिंग झाल्या. मी पेन खाली ठेवलं.
आठवीला उचलला. मागे रंध्याचा आवाज नव्हता,
खोकला होता.
गेल्या आठवड्यात किती तास?
एका होडीला एक हिवाळा, तो म्हणाला,
त्याचे तास तूच पाड. दर वेळचंच उत्तर.
मग म्हणाला, आणि तुला गं किती देतात?

बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी आकडा सांगितला.

पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग: इतकेच?
फळीचं दुसरं टोक धरायला ये, त्यापेक्षा जास्त देईन.

मी हसले.
आणि ओव्हरटाइम धरून, मी विचारलं.