वॉकरची वही

वडगावात, सोसायटीच्या हापिसात, मीटरखाली
एक वॉकर असतो. तीन पायांना रबरी बुचं,
चौथा फरशीवर टक्क वाजायचा.

वही हुंदरेकाकांकडे.
परशराम कंग्राळकर : सही मराठीत.
मल्लव्वा बडिगेर : अंगठा,
शेजारी नातीचं गोल गोल कन्नड.
अनामत शंभर. घ्यायची काकाच विसरतात.

आज लाईट नव्हती, माग गप्प.
नात आली, वॉकर पुसून आणलेला.
"काय, चालतीय का अज्जी?"
"होदळु," म्हणाली.
गेली. कुठं, ते विचारावं लागलं नाही
कुठल्याच भाषेत.

'परत'च्या रकान्यात तारीख घातली,
मग खाली पाहिलं. चौथ्या पायाला
निळं बूच. नवं.

बी ब्लॉकचे मुचंडी दारात उभेच होते, भिंत धरून.
घेऊन निघाले.
काका सवयीनं
टक्क ऐकायला थांबले.