माया

श्रीरंगची कमर तीस.
लग्नात तीस, हडर्सफील्डला आलो तेव्हा तीस,
गिरणीचं गोदाम बंद होऊन तिथे फ्लॅट झाले
तेव्हाही तीस.
मी सांगते ना, टेप माझ्याच गळ्यात असते.

ड्रायक्लीनरच्या दुकानात, खिडकीपाशी बसून
मी गावाच्या कमरा सैल करते:
नाताळनंतर, बाळंतपणानंतर,
नवरा गेल्यावर एखादी नुसत्या बिस्किटांवर राहते, तेव्हा.
आतली शिवण उसवायची,
शिंप्यानं सोडलेली माया बाहेर काढायची,
बोटभर, कधी दोन बोटं.
श्रीरंगच्या पँटमधली माया कधी उघडलीच नाही.
आतल्या आत घडी घालून पडलेली,
मूळ रंगाची.

म्हणून पडदा वळवून नर्स ऍक्रॉइड म्हणाली,
"ही बघा, हृदयाभोवतीची चरबी,"
तेव्हा मी हसले.
म्हटलं, फाईल बदलली असेल.
याच्या अंगावर मूठभर मांस चढावं
यात सासूबाईंची उभी हयात गेली.
तिनं चष्मा लावून पुन्हा वाचलं,
नाव, जन्मतारीख, गल्लीचा नंबर.
चरबी याचीच होती.

काळ्या पडद्यावर करडी मूठ, उघडझाप करणारी,
आणि तिच्या खाचाखोचांतून
थंड दुधावर धरावी तशी साय.

डॉक्टर ओकाफोर म्हणाले, थोडी हवीच असते.
ऊब देते, धक्का सोसते,
हृदय भुकेलं की त्याला घास भरवते.
पण जास्त झाली की फिरते.
शेजारच्या रक्तवाहिन्यांचे कान भरते,
भिंती आतून सुजतात, खडबडीत होतात,
ठोका ताल सोडतो,
आणि बाहेरून बघणाऱ्याला
कमर तीसच.

"कापून काढता येते?"
कात्रीचा धंदा माझा, विचारणारच.
नाही म्हणाले.
ती हृदयाला थेट चिकटलेली असते,
दोघांच्या मध्ये साधं अस्तरसुद्धा नाही.
चालणं, गोळ्या, रात्रीचा पेग बंद,
आणि धीर.

बसमध्ये तो खिडकीकडे, मी त्याच्याकडे बघत होते.
काय काय ठेवलं असेल यानं तिथे?
रात्रपाळीचे चिप्स, ते आहेतच.
वडील गेल्याचा फोन आला
त्या रात्रीही हा डबा घेऊन कामावर गेला होता.
याला पाझरच फुटत नाही, असं मी तेव्हा
फोनवर बहिणीला म्हटलं होतं.
दार लोटलेलं होतं. ऐकलं असेल का?
हे काही डॉक्टरांना विचारता येत नाही.

आता रोज कॅसल हिलचा चढ.
पहिल्या दिवशी तिसऱ्या बाकापर्यंतच.
इथे बाकांवर मेलेल्यांची नावं असतात.
हॅरॉल्ड, यांना इथून दिसणारं गाव आवडे.
श्रीरंगनं वर्षांची वजाबाकी केली,
"त्रेसष्ट," म्हणाला, आणि उठला.
मी मागून चालते, त्याचा श्वास मोजत,
वाऱ्यात अर्धे आकडे उडून जातात.

मार्चमध्ये कमर एकोणतीस.
टेप दोनदा लावली.
आतलं किती उतरलं ते सप्टेंबरात कळेल,
तोवर नर्सबाई म्हणतात, बरं चाललंय.
बरं म्हणजे काय, ते त्या सांगत नाहीत.

काल मागची शिवण आत घेतली.
उरलेलं कापड कापायची रीत आहे,
जाड होतं, बसताना टोचतं.
कात्री उचलली.
परत ठेवली.
जिन्याखालून त्याची हाक आली,
"झालं का गं? अंधार पडेल."